मॉडेल ७०

रायफलींच्या रांगेत तिला ओळखायचं तर दस्ता आणि नळी बघत बसू नये, बोल्ट मागे ओढावा. त्याच्या उजव्या कुशीला पोलादाची एक लांब, चपटी पट्टी बिलगलेली असते आणि पट्टीच्या पुढच्या टोकाला आत वळलेलं नख असतं. हा तिचा पंजा. विंचेस्टर मॉडेल ७० हिची पहिली ओळख हीच. बाकी रूप तिनं साधं ठेवलं आहे: अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर काळं पोलाद, बोल्टच्या मागच्या टोकावर सेफ्टीचं छोटं पान. आजच्या अमेरिकन दुकानात तिच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबर गुंडाळलेल्या नळ्या उभ्या असतात, ठिपक्याठिपक्यांचे कृत्रिम दस्ते असतात, नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारे भोकाभोकांचे ब्रेक असतात. तिच्याजवळ यातलं फारसं काही नसतं. तिच्याजवळ स्वभाव आहे, आणि तो बोल्ट स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

माझी नोकरी सगळी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली. मी शिकारी नाही. पण पोलादाचा एक भाग दुसऱ्यावर सरकताना कुठे अडतो, कुठे डुगडुगतो, कुठे मऊ जातो, यावरून तो बनवणाऱ्यानं किती जीव ओतला आहे हे माझ्या हाताला समजतं. म्हणूनच अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या लुइस्टनला राहणारा माझा भाचा मला रायफलींच्या दुकानात घेऊन गेला. स्नेक आणि क्लिअरवॉटर या दोन नद्यांच्या संगमावरचं हे गाव. ऑक्टोबर आला की अर्धं गाव एल्क या मोठ्या हरणाच्या मागे डोंगरात जातं. भाचाही कामावरच्या मित्रांबरोबर जायला लागला. त्याच्या घरी वर्षभर फ्रीझरमधलं एल्कचं मटण शिजतं, तेही आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात. शिकार त्याच्या घरी स्वयंपाकघरातली गोष्ट आहे, दिवाणखान्यातल्या भिंतीवरची नव्हे.

त्याची पहिली रायफल पाचशे डॉलरच्या आतली. तिच्या नेमाबद्दल वाईट बोलायला मुळीच कारण नव्हतं. शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचभराच्या वर्तुळात बसवायला एके काळी कारागिराकडून खास रायफल बनवून घ्यावी लागे. आता दुकानातल्या सगळ्यात स्वस्त रायफलीही ते करतात, कारण नळ्या बनवायची यंत्रं सुधारली. अपग्रेड करायला निघालेला माणूस इथेच चुकतो. जास्त पैसे दिले की जास्त अचूक नेम, असा हिशोब तो धरतो आणि ज्या गोष्टीचा त्याला तुटवडाच नाही तीच विकत घेऊन येतो.

भाच्याची रायफल अडली ती दुसऱ्या गोळीला. गारांचा पाऊस, उतारावर एका गुडघ्यावर बसलेला तो, पहिली गोळी एल्कला लागली पण जनावर पडलं नाही. यानं बोल्ट मागे ओढला, रिकामी पुंगळी उडाली, पुढे ढकलला, आणि दांडी खाली पाडायच्या आत घाईत त्याला वाटलं की पुंगळी गेलीच नाही. म्हणून पुन्हा मागे ओढला, पुन्हा पुढे. त्या जातीच्या बोल्टमध्ये दांडी पूर्ण खाली पडेपर्यंत काडतुसाला कुणी धरलेलं नसतं. पहिलं काडतूस नळीच्या घरातच राहिलं, दुसऱ्याचं नाक त्याच्या बुडावर जाऊन आदळलं आणि सगळं तिथेच गच्च झालं. एल्क झाडीत शिरलं. ते सापडलं दुसऱ्या दिवशी. जनावराला रात्रभर वेदनेत ठेवल्याचं त्याच्या मनाला फार लागलं. मला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मामा, मला चांगली रायफल नकोय, मला न अडणारी रायफल हवी. तू आलास की बघू."

मॉडेल ७०चा पंजा याच घडीसाठी जन्माला आला आहे. मॅगझिनमधून काडतूस वर येतं तेव्हाच त्याच्या बुडाची कड पंजाखाली सरकते आणि पंजा ते धरतो, जत्रेत आई लेकराचं मनगट धरते तसं. पुढे जाताना धरून, मागे येताना धरून. अर्ध्यावर मन बदललं आणि बोल्ट मागे ओढला तर तेच काडतूस बाहेर पडतं आणि पुढच्याला वाट मोकळी होते. रायफल आडवी असो, उलटी असो, तिला फरक पडत नाही. पुंगळी बाहेर फेकणारी पात एका जागी बसवलेली आहे, फेकायचा जोर स्प्रिंगचा नसतो. त्यामुळे बोल्ट जोरात ओढला तर पुंगळी दूर उडते आणि हळू ओढला तर बोटांनी उचलून खिशात टाकावी इतकी नरम येते. हाताचा जोर असेल तसं ती वागते. इतकं ऐकणारं यंत्र मी क्वचित पाहिलं आहे.

हा पंजा तिच्या घरचा नव्हे, आजोळचा. जर्मनीत नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावात पॉल माउझरनं १८९८ साली सैन्यासाठी जी रायफल पुरी केली, तिच्याकडून तो आला. माउझर ९८ एवढी पक्की निघाली की अमेरिकेनं १९०३ साली आपली स्प्रिंगफील्ड रायफल तिच्यावरून बेतली आणि पुढे माउझरच्या पेटंटांपोटी रॉयल्टी भरली. मॉडेल ७०नं माउझरचा पंजा घेतला आणि स्प्रिंगफील्डकडून नळीच्या मागच्या तोंडाचा उतरता नरसाळी आकार घेतला. नाक थोडं तिरकं असलेलं काडतूसही त्या उतारावरून घसरत आपोआप घरात जातं. शिकारी रायफलीच्या या घराण्यात पुढे रुगरची हॉकआय आली, किंबरच्या हलक्या रायफली आल्या. पण घराण्याची चाल ज्यांना बघायची असते ते मॉडेल ७०कडेच येतात.

सेफ्टीच्या पानाबद्दल मला तिचा विशेष आदर वाटतो. पुष्कळ रायफलींची सेफ्टी फक्त चाप अडवते. आत ताणलेली फायरिंग पिन तशीच टपून असते. मॉडेल ७०ची सेफ्टी त्या पिनलाच मागे धरून ठेवते. पानाला तीन मुक्काम आहेत. पूर्ण मागे असलं की पिन बंद आणि बोल्टही बंद, झुडपात अडकून दांडी उघडायची भीती नाही. मधल्या मुक्कामावर पिन बंदच राहते, पण बोल्ट उघडतो. गाडीपाशी परत आलेला, दमलेला, बोटं बधिर झालेला माणूस रायफल रिकामी करत असतो तो क्षण शिकारीतल्या धोक्याच्या क्षणांपैकी एक. त्या क्षणासाठी हा मधला मुक्काम आहे. पूर्ण पुढे ढकललं की ती तयार. हातमोज्यातल्या अंगठ्यालाही यातला प्रत्येक मुक्काम कळतो. ज्यानं हे पान आखलं, त्यानं थकलेल्या माणसाचा विचार केला होता.

तिचा जन्म मात्र सुखाच्या दिवसांतला नाही. कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनची, १८६६पासून चालत आलेली विंचेस्टर कंपनी १९३१मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि ऑलिन घराण्याच्या कंपनीनं ती विकत घेतली. महामंदी चालू होती, माणसांना काम नव्हतं. अशा वेळी जॉन ऑलिनच्या कारकिर्दीत १९३६ साली मॉडेल ७० बाजारात आली, आणि ती स्वस्तातली वस्तू म्हणून आली नाही. तिच्या आधीच्या मॉडेल ५४चे दोष एकेक करून काढले होते: सेफ्टी दुर्बिणीच्या आड यायची, चापाला स्वतःची यंत्रणा नव्हती. मॉडेल ७०चा चाप म्हणजे मोजके भाग, उघड्यावर बसवलेले. धूळ, बर्फ, गवताचं कुसळ आत गेलं तर तसंच बाहेर पडायला जागा. तिचं मधलं अंग, ज्यात बोल्ट सरकतो, ते घणाखाली ठोकलेल्या पोलादाच्या ठोकळ्यातून मिलिंग करून काढत. एका अंगाला कितीतरी यंत्रांवरून जावं लागे, आणि शेवटी फिटरच्या हातून बोल्ट त्या त्या अंगाशी जुळवला जाई. विंचेस्टरनं जाहिरातीत तिला रायफल चालवणाऱ्यांची रायफल म्हटलं. जाहिरातींत पुष्कळ काही म्हटलं जातं, पण हे नाव लोकांनी उचललं आणि टिकवलं.

ज्यांनी टिकवलं त्यांत पहिलं नाव जॅक ओ'कॉनर यांचं. ॲरिझोनात वाढलेले, इंग्रजीचे प्राध्यापक, १९४१पासून आउटडोअर लाइफ मासिकाचे बंदूकविषयक संपादक. १९४८मध्ये ते लुइस्टनलाच राहायला आले आणि शेवटपर्यंत तिथलेच झाले. डोंगरी मेंढ्यांच्या मागे हजारो फूट चढणाऱ्या या माणसाला मोठी, धक्के देणारी काडतुसं आवडत नसत. पॉइंट २७० विंचेस्टर हे मध्यम काडतूस आणि मॉडेल ७० ही जोडी त्यांनी वर्षानुवर्षं लिहून अमेरिकेच्या घराघरात पोचवली. त्यांची सगळ्यात लाडकी रायफल लुइस्टनच्याच एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेली मॉडेल ७० फेदरवेट. स्पोकेनचे कारागीर अल बीसेन यांनी तिला फ्रेंच अक्रोडाचा नवा दस्ता घालून दिला. लुइस्टनच्या हेल्स गेट उद्यानात आता ओ'कॉनर यांच्या नावाचं संग्रहालय आहे. भाच्यानं मला तिथे आधी नेलं आणि दुकानात नंतर, हे त्यानं चांगलं केलं.

ओ'कॉनर पन्नाशीच्या दशकात वाघाच्या शिकारीला भारतातही येऊन गेले. तेव्हा इथे परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या कंपन्या चालत. आपण ते दार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद केलं आणि ते बंद झालं हे मला मनापासून योग्य वाटतं. आपल्या जंगलात उरलं होतंच किती! पण अमेरिकेनं वेगळी वाट धरली तीही समजून घ्यायला हवी. मॉडेल ७० बाजारात आल्यावर वर्षभरातच, १९३७ साली, तिथे पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. शिकारी रायफली, बंदुका आणि काडतुसं यांच्यावरचा उत्पादन कर वन्यजीवांसाठी राखून राज्यांना वाटायचा, ही त्याची तरतूद. बनवणाऱ्यानं भरायचा हा ११ टक्के कर आजही चालू आहे. हरणांचे, एल्कचे कळप जिथे संपत आले होते तिथे ते परत आणायला, कुरणं विकत घ्यायला, गणना करायला हाच पैसा लागला. भाच्याच्या रायफलीच्या किमतीत तो वाटा असणार, आणि तो त्यानं आनंदानं द्यावा.

मॉडेल ७०चं खरं दुःख १९६४ सालचं. याबद्दल मी थोडं सविस्तर सांगेन, कारण ब्रँड बघून रायफल घेणाऱ्यानं हे वर्ष माहीत करून घेतलं पाहिजे. रेमिंग्टननं १९४८मध्ये आणि मग १९६२च्या मॉडेल ७००मध्ये वेगळी युक्ती काढली होती: रायफलीचं मधलं अंग गोल बारमधून लेथवर काढायचं. चौकोनी पायाचं फोर्जिंग चार बाजूंनी मिलिंग करत बसण्यापेक्षा ते किती स्वस्त पडतं, हे टूलरूममधल्या कुठल्याही माणसाला कागद-पेन्सिल न घेता कळेल. शिवाय रेमिंग्टन नेम उत्तम धरायची. न्यू हेवनमध्ये मजुरी वाढत होती, जुनी यंत्रं झिजत होती. विंचेस्टरनं ठरवलं की मॉडेल ७० नव्यानं आखायची. पंजा गेला. त्याच्या जागी बोल्टच्या तोंडात छोटासा एक्स्ट्रॅक्टर आला आणि काडतूस आता सुटं ढकललं जाऊ लागलं. दस्त्यावरची खाचांची नक्षी कोरायची सोडून गरम साच्यानं लाकडात दाबून उमटवली. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये भली मोठी फट ठेवली. नाव तेच, मॉडेल ७०.

लोकांनी ती हातात घेतली आणि परत रॅकमध्ये ठेवली. आधीच्या वर्षीपर्यंत बनलेल्या जुन्या रायफलींचे भाव चढले आणि अमेरिकन शिकाऱ्यांच्या तोंडी एक कायमचा शब्द बसला: प्री-सिक्स्टी-फोर. आजही जुन्या रायफलीचा क्रमांक ७ लाखांच्या खालचा आहे का हे आधी बघतात, कारण नव्या घडणीचे क्रमांक तिथून सुरू झाले. मी न्यायानं बोलायचं तर १९६४ची घडण कमजोर नव्हती. नेम ती चांगला धरत होती आणि काडतूस फाटलं तर सुटणारा वायू आवरायला तिचा बंदिस्त बोल्ट जुन्यापेक्षा सरस होता. जुन्या घडणीचा तो एक खरा दोष, आणि तिच्यावर प्रेम करणारे तो सांगत नाहीत. पण तिनं हात सोडला. इतकी वर्षं तिनं काडतूस धरून नेलं होतं, आणि ते तिच्याकडून काढून घेतलं ते तिला वापरणाऱ्यांना न विचारता. पैसे वाचवायची इतर ठिकाणं होती. माझ्या मते त्यांनी नेमकी नको ती जागा निवडली.

पुढची वर्षं चढउताराची. काही दुरुस्त्या १९६८ साली झाल्या. मोठ्या संपानंतर १९८१मध्ये ऑलिननं कारखाना विकला, नावाचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पंजा परत आला, क्लासिक या नावानं. या वेळी संगणकावर चालणाऱ्या यंत्रांमुळे तो परवडत होता. आणि मग २००६ साली न्यू हेवनचा कारखानाच बंद झाला. महायुद्धात हजारो माणसं जिथे राबली तिथे शेवटी कामगार उरले होते दोनशेच्या आत. कारखाना बंद होताना शेवटची पाळी काय असते हे पिंपरी-चिंचवडमध्ये, परळमध्ये आपण पाहिलेलं आहे. त्याबद्दल वेगळं सांगायला नको. मॉडेल ७० दोन वर्षांत परतली ती दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबियाहून, बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या कारखान्यातून, नवा चाप घेऊन. आता तिची जुळणी पोर्तुगालमधल्या व्हियानाला होते. जुने शिकारी पोर्तुगालचं नाव वाचून नाक मुरडतात. मी बोल्ट ओढून बघितला. आताचं काम स्वच्छ आहे, पंजा पूर्ण आहे, सेफ्टीचं पान तीन मुक्कामांचं आहे. कारागीर कुठल्या गावचा यावरून पोलादाची परीक्षा होत नाही.

भाच्यासमोर अर्थात तिच्याखेरीज इतरही होत्या. मी त्याला कुठलीच हलकी लेखू दिली नाही.

फिनलंडच्या रीहिमाकीला साको आणि टिक्का या दोघी एकाच कारखान्यात बनतात, आणि त्यांच्या नळ्याही तिथल्याच, थंड पोलाद हातोड्यांखाली घडवून काढलेल्या. साको आपल्या रायफलीबरोबर पाच गोळ्यांच्या अचूकतेची हमी देते. टिक्काचा बोल्ट साकोच्या निम्म्या किमतीत असा सरकतो की मी तो दुकानदाराला विचारून पुन्हा पुन्हा ओढून बघितला. मागेपुढे डुगडुग नाही, कुठे खरखर नाही. पैशाच्या मानानं काम बघायचं तर त्या दुकानात टिक्काच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं, आणि अडलेल्या रायफलीचा अनुभव गाठीशी नसलेल्या माणसाला मी डोळे मिटून तीच घ्यायला सांगेन. पण तिचा बोल्ट काडतूस ढकलणारा आहे आणि मॅगझिन प्लास्टिकचं.

ब्राउनिंगची एक्स-बोल्ट जपानमधल्या मिरोकू कंपनीत बनते. दांडी फक्त ६० अंश उचलावी लागते, त्यामुळे दुर्बीण खाली बसवली तरी हात अडत नाही. मॉडेल ७०ची ती आता एकाच घरातली जाऊ आहे, कारण दोघी एकाच समूहाच्या. वेदरबीची मार्क ५ ही १९५८पासूनची, जबर काडतुसांसाठी बोल्ट घट्ट अडकवणाऱ्या नऊ लग्जची, तिला तिच्या मोठ्या आवाजासकट पत्करावं लागतं. स्पेनची बर्गारा नळ्या बनवून मोठी झाली आणि पैशाला भरपूर रायफल देते. यूटामधल्या क्रिस्टेन्सनच्या कार्बन फायबरच्या नळ्या अंगाला हलक्या आहेत. दिवसभर चढणाऱ्याला हलकेपणा हवाच, पण फार हलकी रायफल धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात स्थिर राहत नाही, हेही तितकंच खरं. जर्मनीची ब्लेझर आर८ सरळ मागे ओढायच्या बोल्टची, सुंदर आणि महाग. भाच्याच्या खिशाला ती नव्हती, म्हणून आम्ही ती मागितलीच नाही.

दुकानदार समजूतदार होता. त्यानं डमी काडतुसं दिली आणि रिकाम्या जागेकडे तोंड करून बोल्ट चालवायला परवानगी दिली. भाच्यानं प्रत्येक रायफलीवर तीच घडी पुन्हा उभी केली: काडतूस पुढे ढकलायचं, दांडी खाली न पाडता मागे ओढायचं, पुन्हा पुढे. ढकलणाऱ्या बोल्टच्या रायफली त्या परीक्षेत अडल्या, महागातल्याही अडल्या. मॉडेल ७०नं प्रत्येक वेळी पहिलं काडतूस बाहेर टाकलं आणि दुसरं घेतलं. मग त्यानं ती उताणी केली, आडवी केली, हातमोजे घालून केली. तिनं एकदाही काडतूस सोडलं नाही. तिची नावड एकच, ती दुकानदारानं सांगितली आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: नळीच्या घरात हातानं सुटं काडतूस टाकून तिचा बोल्ट आदळू नये. तिला काडतूस मॅगझिनमधून आलेलं हवं, म्हणजे पंजाला ते खालून धरता येतं.

लाकडाच्या दस्त्याची फेदरवेट बघून भाच्याचं मन तिथे गुंतलं. माझंही गुंतलं होतं. पण क्लिअरवॉटरच्या खोऱ्यात ऑक्टोबरभर पाऊस, गारा आणि ओलं बर्फ असतं. अक्रोडाचं लाकूड पाणी पितं, फुगतं, नळीला बाजूनं टेकतं आणि नेम सरकतो. मॉडेल ७०चाच एक्स्ट्रीम वेदर हा अवतार आहे. पोलाद स्टेनलेस, दस्ता फायबरग्लासचा, आत ॲल्युमिनियमचा सांगाडा. वजन सव्वातीन किलोच्या आसपास. पंजा तोच, पान तेच. त्यानं ती पॉइंट ३०-०६मध्ये घेतली, कारण ते काडतूस १९०६पासूनचं आहे, एल्कला पुरेसं आहे आणि डोंगरपायथ्याच्या एखाद्या छोट्या किराणा दुकानातही मिळतं. साकोशी तुलना करता जे पैसे उरले ते दुर्बिणीला. हे मी आग्रहानं करायला लावलं. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात शिंगं आणि फांद्या वेगळ्या दिसल्या नाहीत तर खाली कुठली रायफल आहे याला अर्थ राहत नाही.

घरी आल्यावर त्यानं एकाच लॉटची काडतुसं मागवली, दुर्बिणीचे स्क्रू टॉर्क रेंचनं बसवले आणि नेम २०० यार्डांवर लावला. आता रोज जेवणानंतर तो काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवतो, रायफल रिकामी असल्याचं बघून, बोट घालून पुन्हा खात्री करून घेतो आणि डमी घालून बोल्ट चालवतो. गुडघ्यावर बसून, पालथं पडून, हातमोज्यांत. दांडी पूर्ण मागे, पूर्ण पुढे, पूर्ण खाली. पंजा आपलं काम करणार आहे. पण बोल्ट पूर्ण मागे ओढला नाही तर रिकामी पुंगळी पंजातच राहून परत घरात जाईल. एवढं मात्र तिच्या हातात नाही, त्याच्या हातात आहे, आणि सीझन उघडायला अजून सात आठवडे आहेत.